उंदरांनी पेरलेली वने

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची एक छोटीशी यादी होती. कावळा, फळे खाणारी वटवाघळे आणि उंदीर ही मंडळी तीत एकत्र बसविलेली होती. या प्राण्यांना कायद्याचे संरक्षण नाही, एवढाच त्या यादीचा अर्थ. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती अमलात आली. त्या वेळी वाद रंगला तो हत्तींच्या हस्तांतरावरून. उंदरांची आठवण कोणाला होण्याचे कारण नव्हते.

उंदराविषयी समाजाचे मत फार पूर्वीच पक्के झालेले आहे. गणपतीच्या पायाशी बसलेला मूषक सोडला, तर बाकी सारे कणगी पोखरणारे आणि १८९६ साली मुंबईत प्लेग माजविणारे. (बिचारी चिचुंद्री तर कृंतक वर्गातली नसूनही याच रागाची धनी होते.) हा राग निराधार नाही. मिझोरममध्ये सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी बांबू फुलतो, त्याच्या बियांवर उंदीर अमाप वाढतात आणि मग शेतात उतरतात. १९५९ च्या अशा दुष्काळातून उफाळलेला असंतोष १९६६ च्या बंडापर्यंत गेला. परंतु घरातल्या उंदराचे आरोपपत्र रानातल्या उंदराला, खारीला वा साळिंदराला जसेच्या तसे लावणे हा न्याय नव्हे.

वृक्षाला स्वतः चालता येत नाही. बी बुंध्याशीच पडले तर सावलीत खुरटते, नाहीतर किडीच्या तोंडी जाते. हलकी बीजे वारा नेतो, मऊ फळे पक्षी गिळतात. पण जड, कठीण कवचाचे बी उचलणार कोण? अनेक कृंतक प्राणी असे बी एकेक करून निरनिराळ्या ठिकाणी उथळ पुरून ठेवतात. सारा साठा एकाच बिळात ठेवला तर एका चोरीत तो जाईल, म्हणून ही विखुरलेली ठेव. मातीखाली बी उन्हाने सुकत नाही, सहजासहजी कोणाला दिसतही नाही. पुढे मालक विसरला किंवा शिकाऱ्याच्या तोंडी पडला, की त्या बीला रुजण्याची संधी मिळते. प्राण्याची ही अल्पबचत वनाच्या खात्यावर जमा होते.

पनामातील बारो कोलोराडो बेटावर पॅट्रिक जॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ताडवर्गीय वृक्षाच्या बियांना छोटे रेडिओ-प्रेषक बांधून त्यांचा माग काढला. तो शोधनिबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. तेथील पेरकऱ्याचे नाव अगूटी. हा सशाएवढा कृंतक. एकच बी छत्तीस वेळा पुरले गेले, एकूण ७४९ मीटर फिरले आणि मूळ जागेपासून २८० मीटरवर २०९ व्या दिवशी खाल्ले गेले! शेवट निराशाजनक खरा. तथापि सुमारे ३५ टक्के बिया शंभर मीटरांपलीकडे पोहोचल्या होत्या. एक अगूटी पुरतो, दुसरा ते चोरून आणखी दूर पुरतो. दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसे झालेले हत्तीसारखे महाकाय प्राणी बहुधा ज्या झाडांची बीजे वाहत असत, ती झाडे आजवर कशी टिकली, या कोड्याचे उत्तर संशोधकांनी या चोरट्यांमध्येच शोधले.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ॲमेझॉनच्या अरण्यातील ब्राझील नटचे फळ लाकडासारख्या कठीण कवचाचे असते. ते कुरतडून उघडणे अगूटीला जमते. काही बिया तो तेथेच खातो, उरलेल्या पुरतो. जगभरच्या दुकानांत जाणारा हा माल प्रामुख्याने वन्य झाडांचाच, आणि तो वेचण्यावर असंख्य कुटुंबे जगतात. २००३ साली कार्लोस पेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की जेथे दीर्घकाळ अतोनात वेचणी झाली तेथे प्रचंड जुनी झाडे उभी आहेत, पण तरुण झाडे जवळजवळ नाहीत. बी माणसाच्या पोत्यात गेले, अगूटीच्या वाट्याला उरले नाही. भरीला अगूटीचीही शिकार होते. असे वन दुरून हिरवेगार दिसते. त्याला वारस नसतो, एवढेच.

वनीकरणाच्या आपल्या हिशेबात मात्र खड्डे, रोपे आणि जगलेल्या रोपांची टक्केवारी यांनाच स्थान असते. या क्षेत्रात बी कोण वाहून नेतो, हा रकाना त्यात नसतो. पालापाचोळा झाडून नेला, वणव्याने झुडपे जळाली, फासे लावून लहान प्राणी संपविले, तर पुढच्या पिढीची झाडे सरकारी रोपवाटिकेतूनच आणावी लागतील आणि तो खर्च कायमचा होईल. वनक्षेत्राच्या आराखड्यात वाघ-बिबट्यांच्या जोडीने या लहान जीवांची गणना व्हावी, फळांच्या लिलावात काही वाटा जमिनीवर सोडण्याची अट असावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

अनुसूची गेली, तरी कलम ६२ अन्वये पहिल्या अनुसूचीबाहेरील कोणताही वन्य प्राणी ठरावीक क्षेत्रापुरता आणि मुदतीपुरता उपद्रवी ठरविण्याचा केंद्र सरकारचा अधिकार कायम आहे. पिकाच्या रक्षणासाठी तो वापरावाही लागेल. मात्र तशी अधिसूचना निघेल तेव्हा तीत प्राण्याच्या जातीचे नेमके नाव आणि क्षेत्राची नेमकी सीमा लिहिली गेली पाहिजे. शेतातल्या उंदरासाठी काढलेला हुकूम शेजारच्या राखीव वनात लागू होता कामा नये.