प्रिंटर रुसला तर

कैलासवासी आईची पाककृतींची वही आमच्या घरच्या जुन्या संगणकावर नुकतीच टंकून झाली. संगणक विंडोज एक्सपीचा; त्या प्रणालीची देखभाल निर्मात्यांनी 2014 सालीच थांबविल्यामुळे त्यास आम्ही इंटरनेटपासून दूर ठेवतो. मावशी दुसऱ्या दिवशी पहाटे इंदूरहून निघणार, तिला छापील प्रत द्यावयाची. आणि प्रिंटर ढिम्म! दिवा हिरवा, शाई पुरेशी. यूएसबी केबल पाच मीटरहून लांब नसावी. आमची दीडच मीटर. चिरंजीवांनी नवा प्रिंटर घेण्याचा ठराव मांडला. मावशी म्हणाली, "अरे, एव्हाना मी हाताने उतरून घेतली असती."

तेवढ्यात सौभाग्यवतींना आठवले, की सकाळी केर काढताना निघालेली केबल त्यांनी शेजारच्या खाचेत लावली होती. दोष तेथेच होता. खाच बदलली की पुष्कळदा विंडोज ओळखीच्या प्रिंटरलाही नवा पाहुणा समजते आणि 'कॉपी 1' अशी निराळी नोंद करते. आपण दिलेले काम मात्र जुन्याच नोंदीकडे जाऊन पडून राहते. अशा वेळी प्रिंटरांच्या यादीत नव्या नोंदीवर उजवी टिचकी देऊन ती 'डीफॉल्ट' करावी, अथवा केबल पूर्वीच्या खाचेत लावावी. तत्पूर्वी तुंबलेली रांग अवश्य रद्द करावी.

ती आम्ही केली नाही. केबल जागेवर जाताच, वैतागून सात वेळा दिलेली आज्ञा प्रिंटरने इमानाने पाळावयास घेतली. तिसऱ्या प्रतीत, पुरणपोळीपाशी, कागद संपला.