पडलेले झाड चुलीत घालण्यापूर्वी

वारा-वावधान झाले, रात्री रस्त्याकडेला एखादे झाड आडवे झाले की सकाळी कोयते-कुऱ्हाडी घेऊन वस्तीतली माणसे निघतात. दुपारपर्यंत फांद्या घरोघरी पोहोचतात. यात वावगे काही नाही. 2016 साली उज्ज्वला योजना आली, घरात शेगडी आली, तरी टाकी संपली की पुन्हा भरायला एकरकमी पैसे लागतात. त्यामुळे परसातली चूल आणि अंघोळीचा बंब आपल्याकडे अजून लाकडावरच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, हे झाड कोणते, हा प्रश्न कोणीच विचारीत नाही. लाकूड ते लाकूड, असे म्हणून ते चुलीत जाते. आणि त्याचा धूर घरातल्या बाईच्या छातीत व मांडीवरच्या लेकराच्या डोळ्यांत जातो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडे झाडांचा खच पडला. आंबा, फणस, सुरू ही झाडे कोणीही ओळखील. सुरूची सुईसारखी हिरवी काडी ओढली की पेरापेरात सुटते, खाली बारीक काटेरी बोंडे पडलेली असतात. हे जळणाचे उत्तम लाकूड, ओलसर असले तरी पेटते. अडचण येते ती बांधावरच्या, ओढ्याकाठच्या, कधी नाव न ऐकलेल्या झाडाची.

नुसत्या ओंडक्यावरून झाड ओळखण्याच्या फंदात पडू नये. जाणत्या सुतारालाही ते दर वेळी जमत नाही. झाड पडलेले आहे तोवर पान, फूल, फळ, शेंग, काटा सगळे जागेवर असते; तोडणीच्या घाईत आपण तेच आधी तुडवतो. फळापानासकट एक डहाळी बाजूला काढावी आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या आजीला दाखवावी. जिने आयुष्यभर डोक्यावरून मोळ्या वाहिल्या, तिला झाडांची जी ओळख आहे ती आम्हा शिकलेल्यांना नाही. आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकांत लाकडाचा भाव होता, झाडाचे पान नव्हते.

नावावर मात्र जाऊ नये. उंदीरमारी म्हटले की बाया दचकतात. तिच्या बिया-साली उंदरांना मारायला वापरतात हे खरे, पण तिचे वाळलेले लाकूड चुलीला चांगले चालते. उलट कण्हेर दिसायला किती देखणी! ती लाल-पांढरी असो की पिवळ्या फुलांची, मुळापासून पानापर्यंत विषारी आणि तिचे विष हृदयावर जाते. तिची काटकी चुलीत नको, बंबात नको आणि कणीस भाजायला काडी म्हणून तर मुळीच नको.

दुसरा बिब्बा. धोबी कपड्यांवर खुणा करीत तोच हा. मोठे जाड पान, टोकाकडे रुंद. नारिंगी बोंडावर बसलेले काळे फळ. सालीला घाव बसला की पाझरणारा रस काळा पडतो. बिब्बा उतला म्हणजे काय होते हे जुन्या माणसांना सांगायला नको. पण त्याच्या धुरानेही तोंड सुजते, हे तरुण मुलांना ठाऊक नसते.

कुंपणाचा शेर आणि खाडीकाठचा गेवा यांचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेतते. गेव्याला इंग्रजीत आंधळे करणारे झाड असेच नाव आहे. चीक वड-फणसालाही असतो, सगळाच वाईट नव्हे. पण अनोळखी झाडाला घाव घालताच चीक उडाला तर हात थांबवावा, डोळे चोळू नयेत, हात भरपूर पाण्याने धुवावेत. चव घेऊन परीक्षा करणारे शूरही आम्ही पाहिले आहेत. त्यांना काय म्हणावे!

झाड चांगले ठरले तरी लगेच जाळू नये. आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून हिशेब सांगतो. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असू शकते. दहा किलोची मोळी आणली तर चार-पाच किलो पाणीच डोक्यावर आले आणि तेवढे पाणी आटवायला आच खर्ची पडली. वर धूर वेगळाच. लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, वाऱ्याला रचावे व पावसाळ्यानंतरचे ऊन द्यावे. टोकांना चिरा पडल्या आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर खणखण वाजले की समजावे, वाळले.

आता शेवटचे, पण आमच्या अनुभवात सर्वांत तापदायक. पडलेले झाड बेवारस नसते. ते शेतमालकाचे, ग्रामपंचायतीचे, बांधकाम खात्याचे किंवा वनखात्याचे असते. शहरात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. खाडीतल्या कांदळवनाला तर हातच लावायचा नाही. मोळी उचलली म्हणून चोरीचा आळ आधी कोणत्या वस्तीवर येतो, हे वाचकांना सांगायची गरज नाही. तेव्हा चार घरांनी मिळून कोऱ्या कागदावर अर्ज करावा. झाड कोठे पडले, कोणत्या तारखेला, किती घरांना सरपण हवे, एवढे लिहिले तरी पुरे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्यावा, परवानगी लेखी मागावी आणि ती हातात आल्यावरच कुऱ्हाड चालवावी. झाडात विजेची तार अडकलेली असेल तर त्याआधी वीज कार्यालयाला कळवून तार सोडवून घ्यावी.