मेडिकेअरच्या फटी

'अमेरिकेने १९६५ साली वृद्धांचे उपचार फुकट केले' हे विधान सर्रास फिरते. ते साफ चुकीचे आहे. जॉन्सन यांनी ३० जुलैला स्वाक्षरी करून पहिले कार्ड ट्रूमन यांना दिले, ते छायाचित्र सर्वांच्या लक्षात राहिले. त्याच कायद्याने डॉक्टरांच्या बिलाचा पाचवा हिस्सा रुग्णावर ठेवला. घरी घ्यायची औषधे, दात, चष्मा यांना छदामही नव्हता, हे कोणी सांगत नाही. हा विसर नव्हता. याच फटींवर 'मेडिगॅप'चा खासगी धंदा पोसला. एकाच वृद्धाच्या गळ्यात दोन-तीन पॉलिसी मारल्या जात! १९९० च्या कायद्याने त्या दहा ठरावीक नमुन्यांत बसवल्या. फटी मात्र बुजल्या नाहीत, त्यांच्या विक्रीला तेवढी शिस्त लागली. औषधांच्या विम्यासाठी २००६ उजाडावे लागले.