गोळी घेण्याआधी...

मैत्रिणींनो, राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे तुम्हांला ठाऊकच आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं, की ते आपोआप उघडतात. पाळीचं गणित मात्र उलटं बरं का! रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी घसरली, की पाळी येते. गौरी-गणपतीला किंवा लग्नाला मेडिकलमधून आणतात ती 'पाळी पुढं ढकलायची गोळी' तसंच संप्रेरक पुरवत राहते. ती थांबवली, की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी सुरू!

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी 'माला-एन' ही गर्भनिरोधक गोळीही संप्रेरकांचीच. पण दोघींची कामं वेगळी. पाळी लांबवणाऱ्या गोळीनं गर्भधारणा टळत नाही.

ताईला चालली म्हणून तुम्हांला चालेलच असं नाही. यकृताचा आजार, रक्ताची गुठळी, अर्धशिशी असेल, तर यांतली कोणतीही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

मग विचारायचं कुणाला? राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. त्यातली 'मैत्री' क्लिनिकं १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठीच आहेत. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. तिथं तुमचं बोलणं गुप्त ठेवायचं असतं.

आणि हो, पाळीत अशुद्ध असं काही नसतं. सणासाठी ती लांबवायलाच हवी का, हेही एकदा घरात विचारून पाहा!