खुंटा कुणाच्या अंगणात?



जिल्हा बैठकीपुढे येणाऱ्या ठरावाचा मसुदा आमच्या हाती आला आहे. येत्या निवडणुकीत एका मोठ्या पक्षाशी समझोता करायचा, बदल्यात दोन जागा आणि कापसाच्या भावाचे आश्वासन पदरात पाडून घ्यायचे, असा त्याचा मतलब. आमचा या ठरावाला विरोध आहे. तो का, हे सांगायला पार सुदानपर्यंत जावे लागेल. पिपरी मेघेत पारावर हे बोललो तेव्हा एक म्हातारबा म्हणाले, "साहेब, त्या उंटवाल्याइचं अन् आपल्या पऱ्हाटीचं काय नातं जी?"

नाते मातीचे आहे. सुदानात निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मध्ये गेझिरा नावाचा पट्टा आहे. आपल्यासारखीच काळी, चिकण माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. अकोल्याला शिकताना सिंचनाच्या धड्यात हे नाव आम्ही पाठ केले होते. १९२५ मध्ये सेन्नारचे धरण झाले आणि कालव्याच्या पाण्यावर लँकेशायरच्या गिरण्यांसाठी लांब धाग्याचा कापूस सुरू झाला. जमिनीवर कूळ, डोक्यावर सरकार आणि इंग्रज कंपनी. पेरायचे केव्हा, पऱ्हाटी उपटायची केव्हा, हे कंपनीचा इन्स्पेक्टर ठरवी. कापसाच्या उत्पन्नातला ४० टक्के वाटा कुळाचा, बाकीचा सरकार आणि कंपनीचा. राबणारा एक आणि हिशेबाची वही दुसऱ्याकडे. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

१९४६ मध्ये या कुळांनी संप केला. त्यांच्याच पैशातून साठवलेला राखीव निधी त्यांना वाटून द्या, एवढीच मागणी होती. सुदानचा कम्युनिस्ट पक्षही त्याच वर्षीचा. पुढे कुळांच्या संघटनेचे पुढारीपण शेख अल-अमीन मोहम्मद अल-अमीन या कम्युनिस्टाकडे आले. क्रांतीच्या पुस्तकी गप्पा बाजूला ठेवून पक्षाचे लोक कुळांबरोबर वाट्याचा आणि चुकाऱ्याचा हिशेब मांडत बसले. म्हणून गेझिऱ्यात त्यांची मुळे खोल गेली.

१ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र झाला. पुढच्याच महिन्यात जौदा येथल्या कापूस उत्पादकांनी हिशेबाचे पैसे मागितले. पोलिसांशी झटापट झाली. पकडलेल्यांना कोस्ती गावात एका बंद खोलीत कोंडले. सकाळपर्यंत जवळजवळ २०० माणसे गुदमरून मेली. राज्य आता गोऱ्यांचे नव्हते, आपल्याच लोकांचे होते. सुरेगावला डिसेंबर १९८६ मध्ये कापसाच्या आंदोलनावर गोळ्या चालल्या, तेव्हाही राज्य आपल्याच लोकांचे होते.

एवढी मुळे असलेला पक्ष मेला कसा? मे १९६९ मध्ये जाफर निमेरी या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली. कम्युनिस्टांमधले काही मंत्री झाले. निमेरीच्या दावणीला पक्ष बांधू नका, असे सरचिटणीस अब्देल खालिक महजूब सांगत होते. पक्षात फूट पडली. जुलै १९७१ मध्ये डाव्या अधिकाऱ्यांनी केलेले बंड तीन दिवसांत मोडले. निमेरीने महजूबना फासावर दिले, कामगार पुढारी शफी अहमद अल-शेख यांनाही.

इराकात याहून वाईट झाले. १९५८ च्या क्रांतीनंतर कासीम या सेनानीच्या मागे पक्ष उभा राहिला. १ मे १९५९ ला बगदादचे रस्ते माणसांनी भरून वाहिले. तेवढे बळ पाहून कासीमच बिथरला आणि त्याने त्यांचे पंख कापायला घेतले. फेब्रुवारी १९६३ मध्ये बाथ पक्षवाले आले आणि कम्युनिस्टांची घरोघर कत्तल केली. इजिप्तची तऱ्हा निराळी. तिथल्या कम्युनिस्टांनी १९६५ मध्ये स्वतःच पक्ष विसर्जित केला आणि नासेरच्या सरकारी पक्षात एकेकटे जाऊन बसले. फासाची गरजच उरली नाही.

हे पाहून आपल्याकडचा शेतकरी कामगार पक्ष आठवतो. शेतकऱ्यांसाठी म्हणून १९४७-४८ च्या सुमारास केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे काँग्रेसबाहेर पडले. काही वर्षांत दोघेही परत काँग्रेसमध्ये गेले.

लाल बावट्याशी आमचे जुने भांडण आहे. शेतमालाचा भाव म्हणजे बागायतदाराचे दुखणे, असे त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षे म्हणत राहिले, आणि कोरडवाहू कापूसवाला त्यांना फार उशिरा दिसला. पण देणे द्यायचे तर नीट द्यावे. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या पाड्यांवर गेले, तेव्हा लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी आणि फुकटची वेठ हे प्रश्न त्यांनी पाड्यावरच ऐकले. वेठ मोडली ती वारल्यांनी मोडली. त्याच भागातले आणि नाशिककडचे आदिवासी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेले. शेवटच्या रात्री दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून झोप सोडून चालले. सरकारला लेखी द्यावे लागले.

आणि वर्धा? १९९१ मध्ये आपल्या जिल्ह्याने वसंत साठ्यांसारखा मातब्बर पाडून मार्क्सवादी पक्षाचे रामचंद्र घंगारे लोकसभेत पाठवले. आम्ही तेव्हा शाळेत होतो, पण तो गुलाल आठवतो. १९९६ ला जागा गेली. एका खासदाराने जिनातला काटा बदलत नाही, हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. गावोगाव काट्याजवळ उभी राहणारी माणसे त्या पाच वर्षांत तयार झाली नाहीत, हा दोष आपल्या सगळ्यांचा.

ठरावाच्या बाजूचे विचारतील, बाहेर राहून तरी काय मिळाले? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, मग ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. नेमका वेचणीचा हंगाम. आपण निवेदने दिली, कुणी विचारले नाही. प्रश्न खरा आहे, आम्ही तो टाळत नाही. पण ज्या पक्षाच्या अंगणात आपला खुंटा ठोकू, त्याच्याच सरकारने उद्या शुल्क उठवले तर रस्त्यावर कोण येणार? आपले दोन सदस्य? त्यांना गप्प बसवायला फासही लागत नाही, एखादी समिती पुरते.

म्हणून आमची दुरुस्ती अशी: समझोत्याचे कलम गाळावे. कुणाला निवडणूक लढवायची असेल त्याने आधी संघटनेचे पद सोडावे. आणि या हंगामात प्रत्येक तालुक्यात खरेदी केंद्रावर रोज चार माणसे बसवून वजन, कट्टी आणि चुकाऱ्याची तारीख यांची वही ठेवावी. पिपरी मेघेची वही आम्ही बैठकीला घेऊन येतो. तुमच्या गावच्या पावत्या असतील तशा, फाटक्या असल्या तरी, आणा.