नाक्याच्या अलीकडची शाळा

पहाटे भाईंदर स्थानकावर उभे राहिले म्हणजे मुंबई कोणाच्या बळावर चालते हे कळून येते. जेवणाचा डबा सांभाळीत, चर्चगेटच्या गाडीत पाय ठेवण्यापुरती जागा शोधणारी ही माणसे दिवसभर मुंबईची असतात आणि रात्री आपल्या गावची. त्यांची मुले मात्र चोवीस तास इथलीच! कामाच्या वेळी दहिसरचा नाका कोणाच्या ध्यानातही येत नाही. मुलांच्या शाळेचा प्रश्न निघाला की तोच नाका एकाएकी भिंतीसारखा उभा राहतो.

मुंबईला सार्वजनिक शाळांची मोठी परंपरा आहे. १८८८ च्या महापालिका कायद्यात प्राथमिक शाळा चालविणे हे बंधनकारक कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. तेथील पालिका आठ भाषांतून शिकविते. २०२० पासून तिने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने इतर मंडळांच्या शाळाही काढल्या. त्या शाळांच्या उणिवा पुष्कळ असतील. पण त्यांच्यामागे २०२५-२६ साली ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडणारी महापालिका उभी आहे.

आणि आपल्याकडे? मिठागरे आणि भातशेती यांच्या या गावांची १९८५ मध्ये नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महापालिका. २००१ च्या जनगणनेत आपण ५,२०,३८८ होतो, २०११ मध्ये ८,०९,३७८. ही माणसे आली ती मुंबईत घर परवडेना म्हणून. आधी इमारती आल्या, मग दुकाने, आणि शाळेचा विचार सर्वांत शेवटी झाला. ती पोकळी खाजगी इंग्रजी शाळांनी भरून काढली. घराच्या किमतीत जे वाचले ते फीमध्ये गेले, असा हा व्यवहार आहे.

मी स्वतः एका साध्या मराठी शाळेत शिकलो. धाकट्या बहिणीला मात्र इंग्रजी शाळेत घातले. कारण विचारले तेव्हा आई म्हणाली, “तुझ्या शाळेत आता मुलंच कुठं उरलीत रे?” वडील अंधेरीला एका दुकानात नोकरीला आहेत. जूनमध्ये फी भरायची म्हणून ते दिवाळीनंतर रविवारीही कामावर जाऊ लागतात. आईला मी दोष देऊ शकत नाही. रिकाम्या वर्गात आपले मूल एकटे बसवा, असे कोणत्या आईला सांगावे?

जुलै २०२५ मध्ये मराठीच्या अस्मितेसाठी मिरा रोडला मोठा मोर्चा निघाला. साऱ्या महाराष्ट्राने आपल्या शहराकडे पाहिले. त्या भावनेचा मला आदर आहे. परंतु दुकानदाराने मराठी बोलावे हा आग्रह धरणाऱ्या आपणांपैकी किती जणांनी जवळच्या मराठी शाळेचा पट विचारला? भाषा घोषणेने जागी होते हे खरे. ती जगते मात्र पहिलीच्या वर्गात.

कोणी म्हणेल, मुंबईच्या पालिकेने हद्दीबाहेर शाळा का चालवाव्यात? आक्षेप रास्त आहे, आणि माझी मागणीही ती नाही. पण हद्द ओलांडून विचार करण्याची सोय आपण केव्हाच केली आहे. १९७५ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. दहिसरहून इकडे येणारा मेट्रोचा मार्ग त्यानेच आखला. रस्ता, पूल आणि मेट्रो यांसाठी सारा प्रदेश एक, आणि शाळेसाठी मात्र ज्याचे त्याने पाहावे, हे कोणते नियोजन? १९६२ च्या कायद्यान्वये शहरांतील इमारतींवर शिक्षण उपकर बसतो व तो राज्याकडे जमा होतो. मुंबईतील कचेऱ्यांचा उपकर ज्यांच्या श्रमांतून उभा राहतो, ती माणसे जेथे झोपतात तेथील शाळांना त्याचा काही वाटा ठरवून मिळावा, एवढेच मागणे आहे.

१८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. कर कष्टकऱ्यांकडून घ्यायचा आणि शिक्षण वरच्यांना द्यायचे, ही त्यांची तक्रार होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १ एप्रिल २०१० रोजी, शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. हक्क कागदावर आला. शाळेवरचा विश्वास अजून यायचा आहे.

तो विश्वास आणण्यात आपलाही वाटा असू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण वर्षाला १२० तास काम करतो. त्यातील निम्मे तास जवळच्या पालिका शाळेत वाचन घेण्यासाठी द्यावेत, असा प्रस्ताव मी प्राध्यापकांपुढे आणि तुम्हा मित्रांपुढे ठेवतो. रिकाम्या वर्गात चार मोठी मुले पुस्तके घेऊन बसलेली दिसली, तर रस्त्यावरून जाणारी एखादी आई क्षणभर थांबेल. तिने थांबावे, इतके तरी आपल्या हातात आहे.

— द्वितीय वर्ष, कला