‘हात बसलाय’ म्हणणाऱ्यांचीच बोटं जातात

मायटर सॉवर बोट गमावून आलेल्या माणसाला मी एक प्रश्न हमखास विचारतो. लाकूड कशानं धरलं होतं? उत्तर ठरलेलं असतं. "हातानंच की साहेब. बारा वर्षं झाली, हात बसलाय." सोबत आलेला मालक लगेच पुस्ती जोडतो, "याचंच लक्ष नव्हतं डॉक्टर, मोबाईल वाजला."

या दोन्ही वाक्यांशी मला भांडायचं आहे. कारण आपण सगळे ती मान्य करतो, पट्टी बांधतो आणि विषय तिथंच संपतो.

आधी हे कुठं घडतं ते पाहा. लातूर असो की नांदेड, दरवर्षी उन्हाळ्यात हॉस्टेल आणि अभ्यासिकांची कामं निघतात. जूनमध्ये मुलं येणार, त्याआधी टेबलं, कपाटं, अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या तयार पाहिजेत. लातूर पॅटर्ननं किती डॉक्टर घडवले हे आपण अभिमानानं सांगतो. त्या मुलांची टेबलं कापणारा पोरगा बऱ्याचदा त्यांच्याच वयाचा असतो. तो पत्र्याच्या शेडमध्ये, एका बल्बखाली, रात्री अकरापर्यंत पट्ट्या कापत असतो. यंत्र कारखान्यात नसतं, त्यामुळे तपासायलाही कुणी येत नाही.

आता ‘लक्ष नव्हतं’ या वाक्याचा हिशोब करू. दहा इंची पातं मिनिटाला साधारण 4500 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 75. पात्याचा घेर 80 सेंटिमीटर धरला तर त्याचा दात सेकंदाला 60 मीटर, म्हणजे ताशी 216 किलोमीटर वेगानं जातो. पात्याला 60 दात असतील तर एका जागेवरून सेकंदाला 4500 दात जातात. धोका दिसल्यापासून हात मागे घ्यायला निरोगी माणसाला अंदाजे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात हजाराहून जास्त दात फिरून गेलेले असतात. एवढ्या वेगापुढे कुणाचंही लक्ष पुरेसं पडत नाही, तुमचं नाही आणि ऑपरेशन थिएटरमध्ये बारा वर्षं काढलेल्या माझंही नाही.

दुसरी गोष्ट, बहुतेकांना वाटतं की हात पात्याकडे गेला. अनेकदा हात लाकडाबरोबर गेलेला असतो. मायटर सॉचं पातं खालच्या बाजूला तुमच्यापासून दूर, मागच्या आडपट्टीकडे फिरतं. लाकूड त्या पट्टीला घट्ट टेकलेलं असेल तर ही ओढ कामाची, लाकूड आपोआप दाबून राहतं. पण मध्ये भुसा अडकलेला असेल, फळी वाकडी असेल, बोटभर फट असेल, तर पातं लागताच लाकूड झटक्यात मागे आपटतं किंवा वळतं. त्याला धरलेली बोटंही त्याच्यासोबत जातात. चार इंची बीडिंगचा तुकडा धरला असेल तर बोटं आणि पातं यांच्यात अंतर उरतंच किती? तुकडा जितका लहान, तितका तो उडण्याची शक्यता जास्त आणि हात तितकाच जवळ. नेमके हेच तुकडे ‘क्लॅम्प कशाला, एवढासा तर आहे’ म्हणून हातानं धरले जातात.

म्हणून लाकूड शिकंज्यात धरायचं, हातात नाही. बहुतेक यंत्रांसोबत उभा क्लॅम्प येतो. तो खोक्यातच राहतो, मी पाहिलंय. हरवला असेल तर काही शे रुपयांत दुसरा मिळतो. हात पात्यापासून सहा इंचांच्या आत येणार असेल तर हातानं धरायचंच नाही. फार लहान तुकडा हवा असेल तर तो लांब पट्टीतून कापून काढायचा, छोट्या तुकड्याला आणखी छोटं करायचं नाही. वाकलेली फळी असेल तर फुगीर बाजू आडपट्टीकडे ठेवायची आणि जिथं कापायचं तिथं फट नाही ना ते पाहायचं. गोल दांडा किंवा पाइप असेल तर व्ही आकाराच्या खाचेत बसवून बांधायचा, नाहीतर तो पात्याखाली गरकन फिरतो. डाव्या हातानं पात्याच्या उजवीकडचं लाकूड धरायचं, म्हणजे हातांची कात्री करायची, हे कधीच नाही. आणि कापून झाल्यावर बटण सोडायचं, पातं खालीच ठेवायचं, थांबू द्यायचं, मग वर उचलायचं. फिरत्या पात्याखालून सुटा तुकडा उचलायला गेलेली बोटं मी शिवलेली आहेत.

"वेळ जातो हो!" हा आक्षेप खोटा नाही. एका कटला पंधरा सेकंद धरले आणि दिवसात शंभर कट, तर पंचवीस मिनिटं गेली. त्यातली बरीचशी परत मिळतात. एकाच मापाचे तुकडे असतील तर माप घेत बसू नका, एका बाजूला स्टॉप म्हणून ठोकळा बांधा. फक्त ठोकळ्याला टेकलेला तुकडा क्लॅम्पमध्ये हवा आणि पात्याच्या दुसऱ्या बाजूचा मोकळा. दोन्हीकडून अडकवलात तर पातं चिमटीत सापडतं. उरलेली दहा-पंधरा मिनिटं कुणाच्या खिशातून जायची? घर बांधणाऱ्या माझ्या वाचकांनो, तुमच्या. फुटाला दोन रुपये घासाघीस करून आणि ‘पंधरा तारखेला वास्तुशांत आहे’ म्हणून मिस्त्रीच्या मागे लागून आपण ती वाचवत असतो.

गार्डचं तर विचारूच नका. पातं खाली येताना आपोआप सरकणारं आणि वर जाताना मिटणारं ते झाकण अनेक ठिकाणी तारेनं वर बांधलेलं दिसतं. ‘रेघ दिसत नाही’ हे कारण. प्लास्टिकवरचा भुसा पुसला तर रेघ दिसते. चालू बटणावर चिकटपट्टी लावणारेही आहेत. आपल्याकडे वीज कधी जाते आणि कधी येते याचा भरवसा नाही. ती परत येते तेव्हा हात कुठं असेल?

हे गार्ड पुढे पैशाच्या वेळीही नडतं. कामावर इजा झालेल्याला भरपाई देणाऱ्या 1923 च्या कायद्यातच एक अपवाद होता. सुरक्षेसाठी दिलेलं गार्ड कामगारानं माहीत असून मुद्दाम काढलं असेल, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांना मालक जबाबदार नाही. आता सांगा, शेडमधल्या त्या पोरानं गार्ड बांधलं ते कुणाच्या घाईसाठी? त्याच कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरलंय, आणि पूर्ण तर्जनी गेली तर 14 टक्के. सुताराची तर्जनी 14 टक्क्यांची कशी असेल? डिसेंबर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की सुतारकाम एका हातानं होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्वच आहे. बोटांसाठी इतकं भांडायला मात्र कुणी कोर्टात जात नाही.

आणि कामगार निष्काळजी असतात हे म्हणणं आपण एकदा सोडलेलं आहे. मळणीयंत्रात हात जायचे तेव्हा 1983 मध्ये संसदेनं धोकादायक यंत्रांचा कायदा केला आणि पेंढी आत ढकलण्याच्या तोंडाच्या रचनेकडे बोट दाखवलं. शेतकऱ्याला नुसतं ‘जपून’ सांगून भागवलं नाही. सुताराला मात्र अजून आपण ‘जपून’च सांगतो. प्लायला भोक पाडून खालून मार्बल कटर उलटा बांधलेला ‘टेबल सॉ’ तर माझ्या मते बंदच करायला हवा. त्याला ना गार्ड, ना आधार.

माझ्याच व्यवसायातल्या मित्रांनाही एक सांगायचंय. "हातमोजे घालत जा" असा सल्ला आपण सहज देतो. फिरत्या पात्याजवळ मोजे चालत नाहीत, दात कापड पकडून हात आत ओढतो. मनगटातला दोरा, अंगठी, गळ्यातला रुमाल यांचंही तेच. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

एवढं करूनही बोट गेलंच, तर वेळ महत्त्वाची. तुटलेलं बोट जोडता येतं. जपानमध्ये 1965 मध्ये तुटलेला अंगठा जोडण्यात यश आलं. पण करवतीचा दात सुरीसारखा कापत नाही, दोन-तीन मिलिमीटरचा भाग भुग्यासारखा उडवतो, आणि बोटातली रक्तवाहिनी जेमतेम एक मिलिमीटरची असते. त्यामुळे जे उरलंय ते जपून आणा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात उंच ठेवा. हळद, कॉफी, चुना काही नको. बोटाला तार किंवा दोरी आवळू नका. लोंबत असलेलं बोट तोडू नका. तुटलेला भाग सलाईननं किंचित ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, कोरड्या प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून मरतं. नीट थंड ठेवलेलं बोट बरेच तास टिकतं, तळहातासकट गेलेल्या भागाला मात्र साधारण सहा तासच मिळतात. बोटं जोडणारी सूक्ष्म शस्त्रक्रिया सगळीकडे होत नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. आणि वाटेत त्याला चहा पाजू नका, पाणीही नको. भूल द्यायची असते.